मनांत वाच!

शिक्षकाच्या तोंडीं कांहीं वाक्यें अशीं बसून जातात कीं, तो सेवानिवृत्त झाला तरी तीं होत नाहींत. माझ्या तोंडीं बसलेलें वाक्य "मनांत वाच!" हें होय. एकतीस वर्षें मीं मराठी शिकविलें, आणि तेवढ्या काळांत हें वाक्य किती वेळां उच्चारलें असेल याची मोजदाद करणें शक्य नाहीं. वर्ग वाचीत बसलेला असावा, कोपऱ्यांतून भुंग्यासारखी गुणगुण ऐकूं यावी, कीं माझी मान त्या बाजूस वळलीच. ओठ हालविणारा विद्यार्थी मला कच्चा वाटे. एकटाच पुटपुटणारा मोठा मनुष्य तर आपल्याकडे सरळ वेड्यांत जमा होतो. रंगभूमीवरील पात्राचें स्वगत आपण टाळ्या देऊन ऐकतों. घरांतल्या माणसाचें स्वगत मात्र आपल्याला चिंतेंत टाकतें.

हा समज माझ्या नातवानें मोडून काढला. मोडतांना त्याला आणि मला जी किंमत द्यावी लागली, तिचा हिशेब मांडावा असें बरेच दिवस मनांत होतें.

आम्ही चांदूर रेल्वेचे. चांदूर बाजाराहून निराळें ओळखूं यावें म्हणून गांवाच्या नांवाला हें जें शेपूट लागलें, त्याचा आम्हांला अभिमानच आहे. मुंबईहून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग बडनेरा सोडून वर्ध्याकडे निघाला कीं वाटेंत आमचें गांव लागतें. रात्रीं मालगाडीच्या धडधडाटानें परगांवचा पाहुणा दचकून उठतो. आम्ही कूससुद्धां बदलीत नाहीं. मुलगा आणि सूनबाई दोघेंही नोकरीनिमित्त दिवसभर बाहेर असल्यामुळें नातू आम्हां उभयतांच्या हाताखालींच वाढला.

तो तीन वर्षांचा झाला तरी त्याच्या शब्दांचें वाक्य होईना. "पाणी", "गाडी", "दे", "नाही" असे पंधरा-वीस शब्द होते. पण एकाला दुसरा जोडला जात नसे. "चप्पल आण" म्हटलें तर तो धांवत जाऊन आणी. "चप्पल दाराशीं ठेव आणि हात धुवून ये" म्हटलें कीं अर्ध्या वाटेंत उभा राहून आमच्या तोंडाकडे पाही. आप्तांनीं धीर दिला. मुलगे उशिरांच बोलतात, याचा बापही उशिरांच बोलला होता, असें सगळ्यांचें म्हणणें पडलें. ज्या वैद्यांकडे आम्ही त्याला प्रथम नेलें, त्यांनीं पांच वर्षांपर्यंत वाट पाहण्यास सांगितलें. ज्या बालवाडींत घातलें, तेथून "मुलगा हट्टी आहे" असा अभिप्राय आला. या दोन वाक्यांत आमचें एक वर्ष गेलें. पुढें कान तपासून घेतले. ते निर्दोष निघाले. म्हणजे ऐकूं येत होतें, बुद्धि डोळ्यांत दिसत होती, माणसांवर लोभ होता. केवळ भाषा तेवढी त्याच्या हाताला लागत नव्हती.

याच सुमारास तो पुटपुटूं लागला. दुपारीं ओसरीवर लाकडी गाडीचे डबे मांडून बसे आणि आपल्याशींच म्हणे, "डबा... नाही... हा डबा... लाव... पडला." आम्ही बोलवूं पाहत होतों तर हा मौन धरीत होता, आणि भिंतीशीं मात्र त्याचें संभाषण चाललें होतें! एका दुपारीं मीं वर्तमानपत्र खालीं ठेवून, जिभेवर बसलेल्या त्याच स्वरांत म्हटलें, "वेड्यासारखें काय पुटपुटतोस? गप्प बसून खेळ!"

तो गप्प बसला. हातांतला डबा हातांतच राहिला. थोड्या वेळानें डबा तेथेंच टाकून तो उठून आंत गेला. त्यानंतर कित्येक दिवस ओसरीवरून गुणगुण ऐकूं येई, आणि माझ्या चपलांचा आवाज झाला कीं बंद पडे. मला वाटलें, शिस्त लागली.

अमरावतीला वाचोपचार करणाऱ्या एका बाईंकडे आम्ही त्याला घेऊन गेलों, तेव्हां तो साडेचार वर्षांचा होता. बाई वयानें माझ्या मुलीसारख्या. त्यांनीं दोन बैठकींत त्याला खेळविलें, आमच्याकडून इतिहास काढून घेतला, आणि मग विचारलें, "एकटा असला म्हणजे काय बोलतो तो?" मीं तक्रारीच्या सुरांत पुटपुटण्याची हकीकत सांगितली, आणि तें मीं कसें मोडून काढलें हेंही सांगितलें. बाई क्षणभर थांबल्या. नंतर अगदीं मृदुपणें म्हणाल्या, "सर, तें पुन्हा सुरू होऊं द्या. तो विचार करतो आहे, आणि तो विचार तुम्हांला ऐकूं येतो आहे, एवढेंच."

परत येतांना गाडींत मीं कोणाशीं बोललों नाहीं.

घरीं आल्यावर मास्तराच्या स्वभावानुसार मीं पुस्तकें धुंडाळलीं. लहान मुलें स्वतःशीं मोठ्यानें बोलतात, याची पद्धतशीर नोंद स्वित्झर्लंडच्या झां पियाजे यांनीं 1923 सालच्या आपल्या ग्रंथांत केली. त्यांच्या मतें हें बोलणें म्हणजे मुलाला दुसऱ्याच्या जागीं उभें राहतां येत नाहीं याची खूण. मूल चारचौघांत मिसळूं लागलें कीं तें आपोआप गळून पडावयाचें. रशियांतील लेव वायगॉट्स्की यांनीं याच्या उलट सांगितलें. हें बोलणें गळून पडत नाहीं, तें आंत जातें. मोठीं माणसें प्रथम मुलाशीं बोलतात. तेंच बोलणें मूल स्वतःशीं मोठ्यानें बोलूं लागतें. मग त्याची कुजबुज होते. आणि शेवटीं ती कुजबुज ओठांआड जाऊन जिला आपण विचार म्हणतों ती होते. काम अडलें कीं मुलांचें हें स्वगत जवळजवळ दुपटीनें वाढतें, असें त्यांना आढळलें. त्यांनीं एका मुलाची हकीकत दिली आहे. साडेपांच वर्षांचा मुलगा ट्रामगाडीचें चित्र काढीत होता. चाक काढतांना पेन्सिलीचें टोंक मोडलें. "मोडली," असें तो आपल्याशींच म्हणाला, पेन्सिल बाजूला ठेवून त्यानें रंग घेतले, आणि अपघातांत मोडलेली गाडी काढूं लागला. एक शब्द तोंडांतून निघाला आणि त्यानें सगळ्या चित्राचा बेत बदलला! वायगॉट्स्की 1934 सालीं क्षयानें वारले तेव्हां त्यांचें वय अवघें सदतीस वर्षांचें होतें; हा विचार ज्यांत पूर्णपणें मांडला आहे तो ग्रंथ त्यांच्या निधनानंतर त्याच वर्षीं बाहेर आला.

तें वाचून मीं चष्मा काढून ठेवला. ओसरीवरचा तो डबा माझ्या डोळ्यांपुढें आला. ज्या मुलाजवळ मुळांतच पंधरा-वीस शब्दांची पुंजी, तो त्या पुंजीवर आपला लहानसा संसार चालवूं पाहत होता. आणि मीं त्याची पेटी बंद केली होती.

त्या रात्रीं मला आणखी एक आठवण झाली. पुष्कळ वर्षांपूर्वीं माझ्या सातवीच्या वर्गांत एक मुलगा होता. शेताकडून चालत येई. उत्तर विचारलें कीं त्याचे ओठ हालत, शब्द बाहेर पडत नसे. लेखी काम करतांना तो सतत कुजबुजे, आणि शेजारचीं मुलें हसत. मीं त्याला खिडकीशीं एकटें बसविलें आणि बजावलें, "मनांत वाच! मनांत लिही!" नववींत त्यानें शाळा सोडली. "ढ" या एका अक्षरांत मीं त्याचें निदान करून टाकलें होतें. त्याला काय झालें होतें हें आज मी सांगूं शकत नाहीं. पण त्याच्या हातांत जी एक काठी होती ती मीं काढून घेतली, एवढें आज मला समजतें. नातवाची क्षमा मागण्यास मला अजून वेळ आहे. त्या मुलाची कोठें जाऊन मागावी?

बाईंनीं आम्हांला औषध दिलें नाहीं. बोलण्याचा एक रिवाज घालून दिला. पहिली गोष्ट, आपण जें काम करतों तें करतांना आपल्याशींच, परंतु मुलाला ऐकूं जाईल असें, लहान वाक्यांत बोलावें. दुसरी, मूल जें करीत असेल त्याला शब्द द्यावे. प्रश्न विचारूं नयेत, "म्हण पाहूं" असा आग्रह धरूं नये. तिसरी, तो एक शब्द बोलला तर आपण दोन बोलावे. तो "डबा" म्हणाला तर "लाल डबा" म्हणावें. आणि चौथी गोष्ट, तो स्वतःशीं बोलूं लागला कीं वाटेंत येऊं नये.

ऐकावयास हें सोपें वाटतें. करतांना मला घाम फुटला. हजार-हजार माणसांपुढें व्याख्यानें दिलेला मी, दाढी करतांना "आतां साबण लावतों, आतां पातें धरतों" असें म्हणावयाचें झालें कीं जीभ टाळूला चिकटे. शेजारच्या गच्चीवर कोणी आहे कीं काय हें मी आधीं पाहून घेई. सौ. मला हंसे. तिला हें जमलें, कारण देवपूजा करतांना ती देवाशीं बोलतच असे. आतां तेंच बोलणें तिनें स्वयंपाकघरांत आणलें.

परंतु या विद्येंत आमच्या घरांत खरी प्रवीण निघाली ती भांडीं घासावयास येणारी मावशी. तिच्या तोंडाला खळ म्हणून कधीं नव्हताच. "आता हे गंज घासते. मंग ताट धुते. अवं माय, हा गिलास कुठी गेला? हा पाहा, खाली लपून बसला!" वर्षानुवर्षें मीं तिच्या या बडबडीला कंटाळून खोलीचें दार लोटून घेतलें होतें. नातू मात्र ती आली कीं न्हाणीच्या उंबऱ्यावर ठाण मांडून बसे. आपल्याला न कळत, कोणी न शिकवितां, ती बाईंनीं सांगितलेल्या चारही गोष्टी करीत होती.

येथें माझा आणखी एक अहंकार गळाला. घरांत शुद्ध भाषा बोलली जावी हा माझा जन्माचा आग्रह. मुलाला आधींच भाषा येत नाहीं, त्यांत वऱ्हाडीची भेसळ नको, म्हणून मावशीशीं त्याला फार बोलूं देऊं नये असें मीं एकदां सुचविलें होतें. मीं तें बाईंना विचारलें. त्या म्हणाल्या कीं, घरांत दोन बोली किंवा दोन भाषा असल्यानें हा विकार होत नाहीं. आणि जी भाषा प्रेमानें व सहज बोलली जाते, तीच मुलाच्या तोंडीं लवकर बसते. आणि खरोखर, आमच्या नातवाचें पहिलें पुरतें वाक्य वऱ्हाडींतच निघालें. डबे जोडतांना तो आपल्याशींच म्हणाला, "गाडी जाऊन राह्यली." मी दाराआड उभा होतों. "जात आहे" असें सुधारण्यासाठीं उघडलेलें तोंड मीं हातानें दाबून धरलें. वऱ्हाडीचें तें "राह्यली" मला त्या दिवशीं जितकें गोड लागलें, तितकें कोणत्याही कवीचें क्रियापद लागलें नसेल. आणि पाहूं गेलें तर या कामाला तेंच क्रियापद सोयीचें. क्रिया डोळ्यांपुढें चाललेली असतां तिच्याबरोबर चालणारें तें रूप आहे: धुवून राह्यली, पडून राह्यलं, येऊन राह्यला.

आमचे शेजारी सेवानिवृत्त इंजिनचालक आहेत. सायंकाळीं आम्ही दोघे नातवाला घेऊन फाटकाकडे फिरावयास जातों. माझी सर्व हकीकत ऐकून ते खो खो हंसले. "सर, आमची तर नोकरीच बडबडीची होती! सिग्नल दिसला का तोंडानं म्हणाचं, हिरवा. सायक म्हणे हिरवा, मी म्हणो हिरवा. डोळा चुकते, पण तोंडानं म्हटलं का डोयाले पाहाच लागते." भारतीय रेल्वेंत चालक आणि सहायक यांनीं सिग्नलची स्थिति एकमेकांस मोठ्यानें सांगावी असा नियमच आहे. जपानांतील रेल्वेचे कर्मचारी तर सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिति मोठ्यानें उच्चारतात. त्यानें चुका कमी होतात असें तेथील प्रयोगांत दिसून आलें. म्हणजे शेंकडों उतारूंचे प्राण ज्यांच्या हातांत असतात त्या प्रौढ माणसांना आपण बोलून काम करावयास लावतों, आणि बोटभर पोराला मात्र म्हणतों, गप्प बस!

याच तत्त्वाची एक पायऱ्यापायऱ्यांची रीत डोनाल्ड मायकेनबॉम व जोसेफ गुडमन या दोघांनीं 1971 सालीं प्रसिद्ध केली. ती उतावळ्या मुलांसाठीं होती. प्रथम मोठ्यानें बोलत मोठ्या माणसानें काम करून दाखवावयाचें, मग त्याच्या शब्दांबरोबर मुलानें करावयाचें, मग मुलानें स्वतः बोलत, मग कुजबुजत, आणि शेवटीं मनांत. ज्यांची भाषाच अधू आहे त्यांच्यासाठीं ही शिडी जशीच्या तशी पुरत नाहीं. त्यांना आधीं शब्दांचा पुरवठा करावा लागतो, आणि वाक्यें आंखूड ठेवावीं लागतात. पण चढावयाची दिशा तीच. माझें "मनांत वाच" हें त्या शिडीची शेवटची पायरी होती. मीं एकतीस वर्षें मुलांना खालच्या पायऱ्या काढून घेऊन वर उभें राहण्यास सांगत होतों.

या उपायाविषयीं जास्त बोलणें अप्रामाणिकपणाचें होईल. ज्याला आतां विकासात्मक भाषाविकार म्हणतात, त्याचें हें नांव तज्ज्ञांच्या एकमतानें 2017 सालीं रूढ झालें. त्यापूर्वीं त्याला नाना नांवें होतीं, आणि आपल्याकडे तर "मंद" आणि "हट्टी" हींच होतीं. इंग्लंडमधील एका पाहणींत शाळेंत नुकत्याच आलेल्या शंभर मुलांपैकीं सुमारें सात मुलांना तो असल्याचें दिसलें. म्हणजे चाळीसांच्या वर्गांत दोन-तीन तरी! तो आईबापांच्या न बोलण्यानें होत नाहीं, लाडानें होत नाहीं. पुष्कळदां घराण्यांत वाहत येतो. अशा मुलांचें स्वगतही उशिरां पिकतें. इतर मुलें मनांत विचार करूं लागलीं तरी यांना ओठ हालवावे लागतात. नुसतें स्वगत वाढविलें म्हणजे विकार नाहींसा होतो असें कोणीही जबाबदार मनुष्य म्हणत नाहीं. तें एक साधन आहे. बाईंच्या बैठका आणि घरचा नित्याचा सराव यांच्या जोडीनें तें चालतें. आणि वाट पाहणें हा उपाय नव्हे, हें आम्ही एक वर्ष घालवून शिकलों. 2013 पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमांत आरोग्यपथकानें अंगणवाडींत वर्षांतून दोनदां आणि शाळेंत एकदां येऊन मुलें तपासावयाचीं असतात, आणि तपासावयाच्या गोष्टींत भाषेचा विलंब स्पष्ट नमूद आहे. ज्यांच्या घरांत असें मूल आहे त्यांनीं त्या पथकापुढें संकोच न करतां बोलावें, एवढ्यासाठीं हा मजकूर लिहिला.

कधीं कधीं मला वाटतें, आपल्याच परंपरेंत हें सर्व होतें, आणि आपण तें विसरलों. समर्थांनीं दोनशें पांच श्लोक लिहिले ते कोणाला उद्देशून? स्वतःच्या मनाला. आमच्याच जिल्ह्यांत रिद्धपूर आहे. तेराव्या शतकांतील गोविंदप्रभु तेथें राहत. म्हाइंभटांनीं लिहिलेल्या त्यांच्या चरित्रांत ते आपल्याशींच बोलतांना, आपल्याशींच वाद घालतांना दिसतात. गांवचे लोक त्यांना वेडे म्हणत आणि देवही मानीत. मराठी गद्याच्या अगदीं आरंभींच्या ग्रंथांपैकीं एक ग्रंथ अशा माणसाचें बोलणें जपून ठेवण्यासाठीं लिहिला गेला, आणि आज त्याच गांवीं मराठी भाषेचें विद्यापीठ उभें राहिलें आहे. मीं तें चरित्र वर्गांत शिकविलें होतें. त्यांतला अर्थ ओसरीवर कळला.

नातू आतां सहाव्या वर्षांत आहे. तीन-चार शब्दांचीं वाक्यें बोलतो. गोष्ट सांगूं लागला तर मध्येंच धागा सुटतो. "काल" आणि "उद्यां" यांची अजून अदलाबदल होते. जूनच्या अखेरीस तो पहिलींत जाईल. मी त्याच्या होणाऱ्या वर्गशिक्षिकेला भेटून आलों. एकच विनंती केली: तो काम करतांना पुटपुटेल, त्याला पुटपुटूं द्यावें. ती म्हणाली, "सर, मी तुमचीच विद्यार्थिनी. तुम्ही तर आम्हांला ओठ हालवूं देत नव्हतां!" मीं म्हटलें, "तें माझें चुकलें." इतक्या वर्षांत एखाद्या विद्यार्थ्यापुढें हें वाक्य मीं प्रथमच म्हटलें असेन.

परवां दुपारीं तो माठांतून पाणी घेत होता. दोन्ही हातांनीं ओगराळें धरलें होतें, आणि तोंडानें चाललें होतें, "हळू... हळू... गिलास धर... सांडून राह्यलं!" आणि सांडलेंच. त्यानें दचकून माझ्याकडे पाहिलें. ती नजर मीं ओळखली. ओसरीवरच्या त्या दुपारची होती. माझ्या जिभेवर जुनें वाक्य आलें, आणि मीं तें गिळलें. मग भिंतीकडे पाहून, आपल्याशींच, मोठ्यानें म्हटलें, "फडकें कुठें आहे बरें? खुंटीवर आहे."

तो खुंटीकडे गेला. टांचा उंचावून त्यानें फडकें काढलें, खालीं बसला, आणि पुसूं लागला. "इथं पूस," तो आपल्याला सांगत होता. "इथं बी पूस. झालं." मी तेथेंच उभा होतों, आणि त्याची गुणगुण थांबली नाहीं.